बालवाडीच्या मगरी

“पण भाऊसाहेब, बालवाडीत मगरी कुठून आल्या?”

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. बांधकाम खात्याच्या या कचेरीत एकतीस वर्षं प्रस्ताव लिहिणारा माणूस. निवृत्तीला दोन महिने उरलेले. आणि मी औषधाच्या खोक्यातला कागदही शेवटपर्यंत वाचणारी आई. माझी मुलगी जाते त्या बालवाडीच्या नव्या इमारतीचा मंजूर प्रस्ताव शाळेच्या भिंतीवर लावला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : ‘बाधित मगरींना सुरक्षित स्थळी हलवण्यात येईल.’

“नवा नियम आहे, ताई. निसर्गाचं नुकसान काय नि त्यावर उपाय काय, हे लिहिल्याशिवाय पैसेच सुटत नाहीत. घाई होती. धरणाच्या फायलीतून उतरवून घेतलं.”

“आणि वर कुणी वाचलं नाही?”

“वाचलं ना! पिंजरे सहाऐवजी चार करा म्हणाले.”

दारातून शिपाई म्हणाला, “मगरी हलवल्याचा दाखला मी देतो. एकही दिसणार नाही, गॅरंटी!”

मला हसू आलं, पण मी मुद्दा सोडला नाही. “शाळेमागचा चर बुजवून तुम्ही इमारत बांधणार. मग पावसाचं पाणी जाईल कुठे? पोरांच्या वर्गात! त्याची एक ओळ नाही.”

“दुरुस्ती म्हणजे चूक कबूल करणं आलं. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. बायको मलाच मगरीच्या तोंडी देईल.”

“जागा तरी पाहिलीय का तुम्ही?”

“एकतीस वर्षांत एकही नाही. आपलं काम लिहायचं.”

तरी दुपारी ते शाळेत आले. चरात उतरले आणि एक बूट चिखलात गमावून बसले. पाणी कुठून येतं, कुठे जातं, चार-चारदा विचारलं. खिडकीतून माझी लेक बोट दाखवून खिदळत होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

कचेरीत परतल्यावर त्यांनी लिहिलं : ‘सदर जागी मगरी नाहीत. पाणी आहे. त्याला वाट ठेवावी. पिंजऱ्यांची रक्कम त्यासाठी वळवावी. चूक माझी.’ खाली सही, आणि सहीखाली पूर्ण नाव.

फाइल आत मोठ्या साहेबांकडे गेली. मी बाहेर बाकावर बसून होते. साहेबांचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. मग ते थांबलं. बेल वाजली.

भाऊसाहेबांनी चिखलाचा मोजा काढून खिशात ठेवला, गळ्याजवळचं बटण लावलं आणि आत गेले.