महिपतीचं लर्निंग लायसन

महिपतीनं दार उघडलं, रुबाबात आत बसला, दार धाडकन ओढलं आणि दोन्ही हात पुढं केले. हातात काहीच आलं नाही. समोर सामान ठेवायचा कप्पा, त्यावर खाऱ्या दाण्यांची एक चुरगळलेली पुडी. स्टेअरिंग पलीकडं.

खिडकीबाहेर शालन कमरेवर हात ठेवून उभी होती.

"झालं बसून? आता उतरा. आपल्यात गाडी तिकडनं चालवत्यात."

मळवली स्टेशनाबाहेर रांगेत लागलेल्या गाड्यांचे सगळे ड्रायव्हर एकदम खिदळले. त्यांतला नथू तर बॉनेटवर आडवाच पडला. "वयनी, बसू द्या की त्यांना तितंच! तुमी गाडी चालवा, महिपतराव तोंडानं हॉर्न वाजवत्याल!"

महिपती उतरला आणि गाडीला वळसा घालून उजवीकडं आला. गाडीच्या पुढच्या काचेवर शालननं लाल रंगाचा एल चिकटवला होता, पाटावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढावं तितक्या निगुतीनं. मस्कतमध्ये एकोणीस वर्षं बावीस चाकी ट्रेलर हाकलेला माणूस, वय बावन्न, मिशीत पांढरं, आणि कपाळावर एल. तो कपाळावर नव्हता, काचेवर होता, पण महिपतीला तो कपाळावरच वाटत होता.

झालं होतं असं. मस्कतचं काम संपवून, कंपनीला सलाम ठोकून महिपती चार वर्षांनी, आता कायमचा, आपल्या भाजे गावी परत आला. डोक्यात बेत पक्का: दारात सात सीटची इको व्हॅन उभी आहे, आपल्याच पैशानं घेतलेली, आता पर्यटक भरायचे, लेण्यांपाशी आणि लोहगडाच्या पायथ्याशी सोडायचे, संध्याकाळी घरी. फोनवर शालन दर वेळी सांगायची, गाडी बरी चाललीय. कोण चालवतंय हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्याच्या मनात कुणीतरी मिशीवाला, पगारी. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शालननं पदर खोचला, चावी घेतली आणि चुलीवरचा चहा उतरवावा इतक्या सहज गाडी मागं घेऊन निघून गेली. महिपती तोंडात ब्रश धरून अंगणात उभा. फेस गळत होता.

"डायवर पिऊन पडायचा," संध्याकाळी तिनं सांगितलं. "मंग गेले लोनावळ्याला, शिकले. तीन वर्सं झाली."

"मला बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

महिपती म्हणाला, "बरं झालं. आता मी आलोय. लायसनचं तेवढं बघतो, की तू सुटलीस. बस घरात निवांत."

शालन भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

लायसनचं बघायला तो लोणावळ्याला गेला. चिक्कीच्या दुकानाच्या वर प्रज्ञेश नावाच्या एजंटची खोली होती. महिपतीनं टेबलावर दोन कार्डं ठेवली, पत्त्यांत दोन एक्के टाकावेत तशी. एक भारतातलं, एक मस्कतचं.

प्रज्ञेशनं दोन्ही उलटसुलट पाहिली. "काका, हे आपलं संपून नऊ वर्षं झाली."

"मी हितं नव्हतो ना. कुणासाठी रिन्यू करू?"

"आणि हे तिकडचं पण संपलंय."

"व्हिसा रद्द झाला तवा. म्हंजी असं करा, दोन्ही घ्या आन एक नवं द्या."

प्रज्ञेशनं हात जोडले. "काका, दोन मेलेल्यांतून एक जिवंत होत नाही. नव्यानं जन्म घ्यायचा. आधी लर्निंग, मग महिन्यानं टेस्ट. आणि तोवर गाडी चालवताना शेजारी लायसनवाला माणूस पाहिजे. घरात आहे कुणी?"

महिपतीनं दोन्ही एक्के उचलून परत खिशात घातले. मग म्हणाला, "हाय."

तर असा हा एल आणि अशी ही शेजारीण.

दुपारी पाशिंजर थंडावले की शालन त्याला भाज्याच्या रस्त्यावर घेऊन जायची. गाडी कशी चालवायची हे महिपतीला शिकवायची गरजच नव्हती. गरज होती ती विसरायची, आणि विसरणं काही कुणी शिकवत नाही. मस्कतला गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून रस्ता मोकळा दिसला की गाडी आपोआप उजवीकडं सरकायची. शालन ओरडायची नाही. औताच्या बैलाला सांगतात तशी हळू म्हणायची, "डावं... डावं, अवो." वळण आलं की महिपती ऐटीत सिग्नल द्यायचा आणि कडक उन्हात कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र नाचायचे, कारण तिकडच्या गाडीत जिथं सिग्नलची दांडी, तिथं इकडं वायपरची. नथूनं तर गावभर केलं, महिपतराव आले का छत्र्या काढा.

घरातही तेच. चहाचा डबा दुसरीकडं, दिव्याची बटणं दुसरीकडं, दूधवाल्याशी बोलायची, लाइटबिलावर भांडायची, भाचीच्या लग्नात आहेर ठरवायची ती शालन. सगळीकडं त्याचा हात एका बाजूला जायचा आणि वस्तू दुसऱ्या बाजूला असायची.

पण खरा घोळ वेगळाच होता. ही बाई इतकं मनापासून शिकवतेय का? आपल्याला लायसन मिळालं की हिची गाडी गेली. एवढं तर हिला कळत असणार.

एकदा त्यानं न राहवून विचारलं, "शालन, मी नापास झालो तर तुला बरंच की गं?"

"तिसरा टाका," ती म्हणाली. "चढ लागलाय."

टेस्टच्या दिवशी लोणावळ्यात आरटीओच्या कॅम्पच्या मैदानात लाइन लागली होती. कॉलेजची पोरंपोरी, एक डॉक्टरीण, आणि मध्ये महिपती. नंबर यायच्या आधी शालन आत वाकली, केसांचा लाल रबर काढला आणि सिग्नलच्या दांडीला गुंडाळला.

"लाल ते हलवायचं," ती म्हणाली आणि मोकळे केस मुठीत धरून बाजूला झाली.

साहेब शेजारी बसले. महिपतीनं लाल ते हलवलं, डावं ते डावं धरलं, आठाच्या आकड्यात गाडी लोण्यातून सुरी जावी तशी फिरवली.

"छान," साहेब म्हणाले. "कुठली ड्रायव्हिंग स्कूल?"

महिपतीच्या ओठावर मस्कत आलं होतं. पण काचेतून त्याला उन्हात केस धरून उभी असलेली बाई दिसली. "घरचीच," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी पोस्टानं कार्ड आलं. रविवारी पहाटे शालननं चावी त्याच्यासमोर ठेवली. "टायरात हवा बघा," एवढंच. तरी स्टेशनापर्यंत ती बरोबर आली. कुणा पाशिंजरला शब्द दिलाय, म्हणाली.

महिपती स्टेअरिंगवर बसला. उजवीकडच्या दारानं, पहिल्या झटक्यात. नथूनं सलाम ठोकला. पुण्याहून लोकल आली. पाठीवर पिशव्या घेतलेल्या पाच बायका थेट गाडीपाशी आल्या आणि आत डोकावून थबकल्या.

"शालनताई नाहीत?"

"मी हाय की. बसा."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "नाही, म्हणजे... आम्ही त्यांच्याबरोबरच जातो. दर महिन्याला. अंधार पडला तरी भीती नाही वाटत."

शालन पलीकडं टपरीपाशी उभी होती, हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखी. कधी पदर, कधी पिशवी. ती इकडं बघत नव्हती. महिपतीनं एकोणीस वर्षं लोकांना विमानतळावर असं उभं असलेलं पाहिलं होतं. सामान आत गेलेलं, विमान अजून पुकारलेलं नाही.

त्याला अजूनही नीट काही कळलं नव्हतं. पण तो उतरला.

"बसा, बसा. डायवर चा प्यायला गेल्यात," तो बायकांना म्हणाला. आणि टपरीकडं, सगळ्यांच्या देखत, "अगं ए! पाशिंजर खोळंबल्यात, तुझं काय चाललंय?"

शालन आली. त्यानं चावी पुढं केली. तिनं ती लगेच घेतली नाही.

"मंग तुमी?"

"मी बघतो."

एक जागा रिकामी होती. महिपती स्टेशनाच्या जिन्याच्या तोंडाशी गेला. घसा खाकरला. ट्रेलरच्या बंद केबिनमध्ये एवढी वर्षं त्याला कुणाला हाक मारायची वेळच आली नव्हती. पहिली हाक फाटकी निघाली. नथूनंही हसायचं टाळलं. दुसरी जरा बरी.

"लेणी, लोहगड! एक सीट! एक सीट, लेणी, लोहगड!"

एक पोक्त गृहस्थ थांबले. "गाडी तुमची का हो, भाऊ?"

"तिची," महिपती हनुवटीनं दाखवत म्हणाला. "बसा, चांगली चालवती."

मागं शालननं गाडी चालू केली, आणि हात वर करून आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला.