याला काय म्हणतात?

परकी भाषा शिकवताना माझा एक हट्ट असतो. पहिल्या आठवड्यात मी सफरचंद, मांजर असलं काही शिकवत नाही. आधी शिकणाऱ्याचे शब्द: पुन्हा सांगा, हळू बोला, याला काय म्हणतात, मला माहीत नाही. एवढं आलं की माणूस कुठे अडून बसत नाही.

"म्हणजे बाई, आम्हाला काही येत नाही हे आधी अस्खलित सांगायचं!" थोरली म्हणाली, तेव्हा सगळा वर्ग हसला. धाकटी सोडून.

या दोघी सख्ख्या जावा. थोरलीचं स्वतःचं ब्यूटी पार्लर. तिची सून परदेशातली, तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ती यायची. धाकटी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला. तिचा नवरा परदेशी नोकरीला होता आणि या भाषेची परीक्षा पास झाली तरच तिला त्याच्याकडे जाता येणार होतं. एकदा ती नापास झाली होती. सासूच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. वर्गात एक भिंतीला, दुसरी खिडकीला. मला असल्या अबोल्यांचा मनस्वी वैताग येतो, पण मी भाषा शिकवायला बसलेय, भांडणं सोडवायला नाही.

थोरली हुशार, पण 'मला माहीत नाही' हे वाक्य सरावातसुद्धा तिच्या तोंडून निघत नसे. धाकटीला सगळे शब्द पाठ, मात्र परीक्षक समोर आला की तिची बोबडी वळायची.

तोंडी परीक्षा जोडीनं असते. एकाच चित्रावर दोघांनी एकमेकांशी बोलायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि नेमक्या या दोघी एकत्र आल्या. मी कपाळाला हात लावला.

तोंडाला कुलूप लावायच्या अटीवर मला मागे बसू दिलं. चित्रात एक खोली होती. टेबल, पडदा, दिवा, थोरलीनं झरझर सांगून टाकलं. मग धाकटीची पाळी. शब्दच फुटेना. परीक्षकानं पेन उचललं आणि माझा जीव टांगणीला लागला.

थोरलीनं चित्रातल्या इस्त्रीवर बोट ठेवलं. त्या भाषेत म्हणाली, "याला काय म्हणतात? मला माहीत नाही."

परीक्षकानं तिच्या नावापुढे काहीतरी खरडलं. धाकटी बघतच राहिली.

"इस्त्री," ती पुटपुटली.

"हिनं काय करतात?"

"कपडे. आधी कॉलर. मग बाही." आणि बाई सुटल्या की! रेशमाला किती गरम, सुतीला किती. मध्ये चुकली, "पुन्हा सांगते" म्हणाली, पुढे गेली. थोरली आपली बाळबोध प्रश्न विचारत राहिली.

धाकटी पास झाली. थोरलीही झाली, पण जेमतेम. माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीचे ते गुण बघून मला रागही आला आणि रडूही.

निकाल बघून उतरताना धाकटीनं तिला जिन्यात गाठलं. मी दोन पायऱ्या मागे होते.

"जाऊबाई, तो शब्द तुम्हाला येत होता."

"येत होता की."

"मग?"

थोरलीनं पर्स उगाच उघडली आणि मिटली.

"आईंचं सगळं तू एकटीनं केलंस," ती म्हणाली. "तेही मला माहीत होतं."