अक्षयाची भूक

मिठबावला भिकाजीचं घर समुद्राला लागूनच. तो होडी घेऊन मासेमारीला जायचा आणि त्याची बायको विमला घरीच पर्यटकांसाठी खानावळ चालवायची. पण खानावळीला खरी चव होती ती थोरल्या मुलीच्या, अक्षयाच्या हाताची. वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या वाटपाचा वास सुटला की जेवायला आलेली माणसं स्वयंपाकघरात डोकावायची, आणि अक्षया चमच्यात रस घेऊन, फुंकर घालून त्यांना चाखायला द्यायची. अंगाने भरलेली, मोठ्याने हसणारी पोर. स्वतः जेवायची तीही मन लावून, माशाचं डोकं चोखत, बोटं चाटत. भिकाजीला तिच्यासमोर बसून जेवायला आवडायचं.

आंब्याच्या दिवसांत भिकाजीच्या थोरल्या बहिणीने, यमुनाबाईने, तळेऱ्याचं एक स्थळ आणलं. मुलगा प्रितम, नोकरीला असलेला, अबोल. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, घर बघितलं. निघताना मुलाची आई अंगणात हसत म्हणाली, "चेडू आमका पसंत आसा. फक्त वायच बारीक होवंदे, म्हणजे जोडो शोभात. गणपतीनंतर बोलूया."

सगळे हसले. अक्षयाही हसली.

त्या रात्री तिने भात घेतला नाही. पुढे भाकरी सोडली, मग मासे. विमलाने विचारलं की म्हणायची, "चव बघता बघताच माझा पोट भरता गो आये." पाहुण्यांना मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त आग्रह करून वाढायची, नवनवे पदार्थ करायची, धाकट्या बहिणीच्या, संचिताच्या ताटात जबरदस्तीने सोलकढी ओतायची. श्रावण आला आणि उपासांचं निमित्त मिळालं. सोमवार, शनिवार, आणखी कुठले कुठले वार ती स्वतःच लावून घेई.

गाव तिचं कौतुक करू लागलं. "अक्षया, काय बारीक झालंस गो! काय करतंस ता आमका पण सांग." वाण्याच्या दुकानात, देवळात, लग्नघरी, जो भेटेल तो हेच बोले. विमलालाही आधी बरं वाटलं. पोरीने मनावर घेतलंय, असं तीच शेजारणींना सांगत होती.

एका दुपारी भिकाजी जाळं शिवत बसला होता. परसातून ओकल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर अक्षया माडाला धरून उभी. त्याला बघून तिने पटकन तोंड पुसलं.

"पित्त झाला, पप्पा."

त्याने पित्ताची गोळी आणून दिली. पण तो आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला. अंघोळीनंतर मोरीत केसांचे पुंजके दिसू लागले. भर उन्हात ती स्वेटर घालून बसायची. गणपती झाले, तळेऱ्याहून होकार आला आणि साखरपुड्याची तारीख ठरली. कित्येक महिने पाळी आली नाही हे विमलाच्या लक्षात आलं, तेव्हा मात्र दोघं तिला मालवणला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी तपासलं, रक्त बघितलं आणि अक्षयाला बाहेर बसवून दोघांना आत बोलावलं.

"हा हट्ट नाही, आजार आहे," त्या म्हणाल्या. "हिला खाण्याची भीती बसलीय. उपाशी राहून आणि ओकून रक्तातले क्षार खाली गेलेत. अशाने हृदय कधीही दगा देऊ शकतं. हिला लगेच दाखल करा. मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल. आणि जेव, जेव म्हणून मागे लागू नका. तिच्याशी बोला."

भिकाजीला अर्धंच कळलं. बाहेर येऊन त्याने बहिणीला फोन लावला. यमुनाबाई भडकलीच.

"साखरपुडो तोंडार इलो आणि तू तिका वेड्यांच्या डॉक्टराकडे नेतंस? तळेऱ्याक कळला तर लगीन मोडात! एकदा साखरपुडो होवंदे, मगे काय ता कर."

भिकाजीने विमलाकडे पाहिलं. विमला डॉक्टरीणबाईंचा कागद घडी घालून पिशवीत ठेवत होती. अक्षयानेच त्याचा हात धरला. तिचे हात थंडगार होते. "चला पप्पा, घराक जावया. माका काय्येक होणा नाय."

ते घरी परतले.

साखरपुड्याला साडी तिच्या कमरेला थांबेना. विमलाने आतून पिना लावल्या. प्रितमची आई तिच्या गालावरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होती, "आता बघा कसा दिसता माझा चेडू!" कोणीतरी पेढा दिला, तो अक्षयाने मुठीत धरून ठेवला. प्रितमने तिला बाजूला घेऊन विचारलं, "तू बरी आसस मा?" ती मान हलवून हसली.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी पाहुण्यांसाठी वाटप करता करता ती स्वयंपाकघरात कोसळली. भिकाजीने तिला उचललं. ती लहान असताना तो तिला देवळातून झोपलेली उचलून आणायचा, तेवढंच वजन. रिक्षात तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. "बाय, डोळे उघड गो," तो म्हणत राहिला. दवाखाना यायच्या आधीच तिचा श्वास थांबला.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवले. कावळे होते, पण पलीकडच्या सुरूच्या झाडावर बसून होते. भटजींनी विचारलं, "काही इच्छा राहिली असेल तिची, बोला." कोणी म्हणालं, संचिताचं शिक्षण करू म्हणून सांग. कोणी म्हणालं, तिच्या आवडीचं काही मांड. भिकाजी पुढे झाला. पिंडासमोर ओणवा होऊन हळूच म्हणाला, "नको तर रवांदे, बाय. तुका आता कोण जबरदस्ती करूचो नाय."

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना प्रितम भिकाजीबरोबर चालत होता. तो म्हणाला, "मी तिका बारीक हो म्हणान कधीच सांगलंय नाय, काका. बघूक इलेलो तेव्हा ती मोठ्यान हसलेली, ता हसणाच माका आवडलेला." भिकाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी पानं वाढली होती. संचिता दिवसभराची उपाशी, खाली मान घालून आमटीभात खात होती. ती पुन्हा भात घ्यायला वळली तशी यमुनाबाई विमलाला म्हणाली, "हिच्यार आत्तापासून लक्ष ठेव गो. हीय अंगान सुटाक लागलीहा."

संचिताचा हात पातेल्यावरच थांबला.

भिकाजी जागेवरून उठला. बहिणीपुढे त्याने जन्मात आवाज चढवला नव्हता. "आका, ऊठ. आताच्या आता तुझ्या घराक जा."

"मी काय वायट बोललंय रे?"

"ऊठ म्हणतंय ना!"

यमुनाबाई पदर तोंडाला लावून रडत बाहेर पडली. पाहुणे एकेक करून उठले. संचिता तशीच बसून होती, भात कोरडा पडलेला. भिकाजी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला.

"पप्पा, मी जाडी आसंय?" तिने विचारलं.

नाही म्हणावं, तर तीही त्याच मोजमापात अडकेल, असं त्याला वाटलं.

"तुका असा कोणी कोणी म्हटल्यानी?" त्याने विचारलं.

शाळेतल्या मुली, मग बाई, मग सरबताच्या दुकानातला माणूस, असं करत संचिता सांगत गेली. मध्येच म्हणाली, "ताई रात्री रडायची, पप्पा. ती म्हणायची, माका भूक लागता तेव्हा माझोच राग येता. कोणाक सांगू नको म्हणालेली."

दारात उभी असलेली विमला खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भिकाजी रडत नव्हता. संचिता काय सांगतेय ते तो ऐकत होता. कोवळा आवाज चालूच राहिला. पोरगी दमून त्याच्या मांडीवर आडवी झाली, तरी तो तसाच बसून होता.