भांड्याच्या बुडावरचं नाव

बुधवारी सकाळी व्हर्ना प्रुइटने नेहमीसारखी कॉफी ओतून घेतली आणि प्रार्थनेच्या साखळीचे फोन सुरू केले. पश्चिम टेक्सासातल्या आमच्या गावात ही रीत जुनी आहे. कुणाचं ऑपरेशन असो की कुणाचा मुलगा लष्करात निघालेला असो, व्हर्ना दोघींना फोन करते, त्या आणखी दोघी-दोघींना, आणि दुपारच्या आत अख्खं चर्च त्या माणसासाठी डोळे मिटतं.

त्या दिवशी ती ग्लेंडाला म्हणाली, "आमच्या जोलीनसाठी प्रार्थना कर गं. उद्या लोर्ना तिला न्यू मेक्सिकोला डॉक्टरकडे घेऊन चाललीय. पोर सुखरूप परत येऊ दे."

लोर्ना ही व्हर्नाची धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. जोलीन लोर्नाची मुलगी. तिला पाचवा महिना होता. बाळाचं नाव ओपल ठरलं होतं, पाळणाही आला होता. तपासणीत कळलं की बाळाची कवटीच तयार झालेली नाही, जन्मलं तरी ते जगणार नाही. एवढं सांगून इथल्या डॉक्टरने मान खाली घातली. "याच्यापुढे मला बोलता येत नाही," तो म्हणाला. राज्याच्या गर्भपातबंदीच्या कायद्याने त्याचे हात बांधले होते; शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात ती बंदी नव्हती. त्यावर आमच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, आणखी एक ठराव केला होता: गर्भपातासाठी बाईला आमच्या रस्त्यावरून राज्याबाहेर नेईल त्याच्यावर कोणीही दावा लावावा. कोणीही म्हणजे अगदी शेजाऱ्यानेसुद्धा.

व्हर्नाला ठराव ठाऊक होता. पण देवाकडे मागायचं ते नाव-गाव सांगून, ही तिची जन्माची सवय. मायेपोटी केलेला गाढवपणा, दुसरं काय!

शुक्रवारी मायलेकी परत आल्या. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की दुपारपर्यंत ओट्यावर जागा उरत नाही. चिकन-नूडल्सचे, बटाटा-चीजचे भाजलेले काचेचे ट्रे घरोघरून येतात. भांडं परत मिळावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. लोर्नाच्या घरी एकही ट्रे आला नाही. नेला तर त्या कामात मदत केली म्हणतील, अशी भीती. जोलीन पाळण्याकडे पाठ करून पडून राहिली. सोमवारी लोर्ना कामावर गेली, बटाटे सोलले, घरी आली. तिला रडायचंही सुचत नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिच्यावर दावा आला. लावणारा ड्वाइट हॉबर्ट, बियाण्यांचा दुकानदार, चर्चमधला पुढारी. गारपिटीनंतर लोर्नाचं छप्पर यानेच वर चढून नीट केलं होतं. आता दावा सिद्ध झाला तर भरपाईत तेच घर जाणार होतं. ड्वाइटच्या बायकोने साखळीतून ऐकलं होतं खरं, पण ऐकीव गोष्ट कोर्टात चालेना. ग्लेंडाला काहीच आठवेना. सत्तरीची बाई, तिला कोण काय म्हणणार? लोर्नाच्या तोंडून थेट ऐकलेली राहिली एकटी व्हर्ना.

लोर्नाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. एकदाच फोनवर म्हणाली, "तुला गप्प बसता आलं नाही ना, व्हर्ना," आणि फोन ठेवला.

आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात. ड्वाइट व्हर्नाला चर्चच्या पायरीवर गाठून म्हणाला, "सिस्टर व्हर्ना, खोटं बोला म्हणून कोण सांगतंय? खरं तेवढं सांगा."

"ब्रदर ड्वाइट, लोर्नाकडे तुम्ही काय नेलंत?"

"म्हणजे?"

"जेवण हो. घरात मयत झाली होती."

तो टोपी हातात फिरवत राहिला.

कोर्टात व्हर्नाने बायबलवर हात ठेवला. ड्वाइटच्या वकिलाने विचारलं, "जोलीनला कोण घेऊन जाणार होतं?"

"सांगणार नाही."

"आठवत नाही म्हणता का?"

"चांगलं आठवतंय. शपथ घेतलीय, खोटं बोलायची नाही. पण सांगणार नाही. एकदा सांगितलं, तेवढं पुरे झालं."

न्यायाधीशांनी दोनदा समजावलं. मग म्हणाले, उत्तर देईपर्यंत तुरुंगात राहावं लागेल.

"माहितेय. दात घासायचा ब्रश घेऊनच आलेय," व्हर्ना म्हणाली.

लोर्ना मागच्या बाकावर होती. ती उठली, घरी गेली, ओव्हन लावला. चिकन हाडांवरून सोडवलं, नूडल्स उकडले. हात आपले चालत होते. तासाभराने ती तुरुंगाच्या खिडकीशी ट्रे घेऊन उभी राहिली.

"बाहेरचं जेवण आत जात नाही, बाई," तिथला शिपाई म्हणाला.

"मग तुम्ही खा. पण मी आणलं होतं एवढं तिला सांगा."

"कोण म्हणून सांगू?"

"बुडाला लिहिलंय."

त्याने ट्रे उचलून पाहिला. पट्टीवर लिहिलं होतं: लोर्ना टीग, ओपलची आजी.

मीही त्या साखळीतलीच. तो फोन मलाही आला होता, मीही डोळे मिटले होते. त्या शुक्रवारी मी बटाट्याचा ट्रे भाजला, बुडाला नाव चिकटवलं, गाडीपर्यंत नेला. मग परत आत आणला, पट्टी नखाने खरवडून काढली, आणि संध्याकाळी तो आम्ही घरच्यांनीच खाल्ला.