भिंगरीने खरं सांगितलं तेव्हा

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो, शाळेच्या संगीताच्या खोलीत, खिडकीशेजारी माझी जागा. कसबी कारागिरांनी मला घडवलं, तारा ताणल्या, सूर लावले. मग कित्येक मुलांनी मला बडवलं. त्याचा राग नाही. मुलं शिकतात ती बडवूनच.

भिंगरी मात्र बडवत नसे. एकदा कानावर पडलेली धून ती लगेच वाजवायची. माझी तार जराशी उतरली, तरी तिचं तोंड वाकडं व्हायचं. संगीताच्या बाई तिला एकटीला गाठून म्हणायच्या, "अगं, असा कान मी आजवर पाहिला नाही!" मी दोघींच्या पुढ्यातच असायचो. शब्द न् शब्द ऐकलाय मी.

एकदा पालकांची सभा याच खोलीत भरली. मुख्याध्यापकांनी मुलांना विचारलं, "बोला, कुणाला काय छान येतं?"

"पळण्यात मला कुणी गाठूच शकत नाही!" एक मुलगा म्हणाला. टाळ्या पडल्या.

मग भिंगरी उठली. "मला एकदा ऐकलेली कुठलीही धून वाजवता येते. वर्गात दुसऱ्या कुणाला नाही येत."

कुणीतरी खुसखुसलं. एक काकू म्हणाल्या, "बाई बाई, स्वतःच्याच तोंडानं?"

"बस गं खाली!" तिची आई शरमून पुटपुटली.

"बाईंना विचारा ना," भिंगरी म्हणाली.

सगळे बाईंकडे वळले. बाईंनी चष्मा काढून पुसला. "वाजवते बरी. तशी सगळीच मुलं बरी वाजवतात."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. माझं झाकण उघडं होतं. 'वाजवून दाखव' म्हणायचं एकालाही सुचलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण बोट लागल्याशिवाय मला कुठलं तोंड!

त्यानंतर ती खोलीत फिरकली नाही. बाई खिडकीतून हाका मारायच्या. ती मान खाली घालून निघून जायची. पुढे बाईही गेल्या, माझे सूर उतरले, माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या.

परवा भिंगरी आली, आपल्या लेकीला शाळेत घालायला. संगीताच्या नव्या सरांनी ही खोली दाखवताना माझ्याकडे बोट करून सहज विचारलं, "तुम्ही वाजवता का?"

"छे हो, मला कुठलं येतंय!"

"मला चित्रं येतात," लेक मध्येच म्हणाली. "सगळ्यांपेक्षा छान!"

"शू! असं आपणच सांगू नये," भिंगरी म्हणाली. पोरीनं तोंड मिटलं.

मित्रांनो, मला नव्या तारा नकोत, पॉलिशही नको. कुणी 'मला येतं' म्हणालं, तर हसण्याआधी त्याला बसायला जागा द्या. आणि ऐका.