सैल कोण झालं?

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, व्यायामाचा. रंग हिरवा, रुंदी तळहाताएवढी. रबर म्हणाल तर रबर, प्लास्टिक म्हणाल तर प्लास्टिक. दोन्हीकडचे नातेवाईक मला आपला म्हणायला तयार नाहीत. म्हणेनात का, माझं काही अडलेलं नाही!

कारखान्यात आधी मी नुसते दाणे होतो. ते वितळवले, लाटले आणि माझी लांबलचक गुंडाळी झाली. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे लांब धागे आहेत. लोकरीचा गुंता पडावा तसे ते लोळत असतात, आणि त्यांची टोकं जागोजागी एकत्र येऊन कडक गाठी बनतात. मला ओढलं की धागे सरळ रांगेत येऊ लागतात. सोडलं की पुन्हा वेटोळं करून बसतात, कारण रांगेत उभं राहण्याचा कंटाळा त्यांना तुमच्याइतकाच आहे. गाठी असतात म्हणून ते एकमेकांना सोडून जात नाहीत. पण जोरात ताण बसला की काही गाठी फुटतात, आणि मग मी पहिल्यासारखा कडक राहत नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला गुंडाळीतून कापलं आणि रंगारीकाकांच्या हाती दिलं. काका स्टुलावरून पडले होते आणि त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जाईना. घरांची छतं रंगवणाऱ्या माणसाचा हात वर जात नसेल, तर त्यानं करायचं काय? शर्टाची बटणंसुद्धा काकू लावून द्यायच्या.

काकूंनी मला दाराच्या कडीला बांधलं. काकांनी पहिल्यांदा ओढलं तेव्हा ते कण्हले आणि मीही कण्हलो. माझं कुणी ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी जरा सोपं गेलं, तिसऱ्या दिवशी आणखी सोपं. आठवडा झाला आणि काकांची स्वारी हवेत!

"अगं, इकडे ये आधी! बघ कसा लोण्यासारखा येतोय! खांदा मोकळा झाला माझा. सोमवारी वाचनालयाच्या छताचं काम धरतोय."

"अहो, पण शिडी केवढी उंच ती!"

"शिडीला मी भितो होय?"

खांदा थोडा सुधारला होता, नाही असं नाही. पण बाकीचा पराक्रम माझ्या फुटलेल्या गाठींचा होता. एका हातानं शिडी धरायची, दुसऱ्या हातानं डोक्यावर रोलर फिरवायचा, आणि मध्येच खांद्यानं दगा दिला तर? ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पट्ट्याला तोंड कुठे असतं!

रविवारी काकूंना मी घामट वाटलो. त्यांनी मला साबणाच्या पाण्यातून काढलं आणि खिडकीच्या तापलेल्या पत्र्यावर वाळत टाकलं. आहाहा, काय सुख ते! ऊब मिळाली, ओढणारं कुणी नव्हतं. पोटातले धागे सैलावून हलले, सुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना शोधू लागली आणि बऱ्याचशा गाठी नव्यानं जमल्या. संध्याकाळी मला कडीला बांधलं तेव्हा मी पुष्कळसा पूर्वीसारखा ताठ झालो होतो.

काकांनी ओढलं. मी काही येईना. पुन्हा ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"का हो, कालचा पराक्रम कुठे गेला?" काकू हसत म्हणाल्या आणि त्यांच्याकडे बघून एकदम थांबल्या.

"गेला हात," काका पलंगावर बसत म्हणाले. "परत गेला गं माझा हात."

काकूंनी लगेच ताईंना बोलावलं. ताईंनी काकांचा खांदा तपासला, काकूंकडून माझी सगळी हकिगत ऐकली आणि मला सपासप वीसेक वेळा ओढलं. मग पाण्यानं भरलेली बाटली माझ्या टोकाला टांगली. त्याच गुंडाळीतून कापलेल्या एका कोऱ्या पट्ट्याला तशीच दुसरी बाटली टांगली. माझ्या गाठी पुन्हा फुटल्या होत्या; माझी बाटली कोऱ्या पट्ट्याच्या बाटलीपेक्षा वीतभर खाली गेली.

"काका, हात कुठेही गेलेला नाही," ताई म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटत होतं तेवढा आलेलाही नाही. पट्टा सैलावला होता आणि श्रेय तुम्ही घेतलंत. आज त्याला आराम मिळाला, म्हणून तो परत ताठ झाला."

"म्हणजे उद्या शिडीवर..."

"चढला असतात तर पुन्हा माझ्याकडेच आला असतात. आणि तेही नशीब असतं तर."

काकांनी कामावरच्या जोडीदाराला फोन करून छत त्याच्याकडे दिलं, स्वतःकडे खालच्या भिंती घेतल्या. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाण्याची बादली ठेवून, हात पुसत, नेहमीप्रमाणे काकांच्या शर्टाची बटणं लावायला आल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

"अगं, इतके दिवस मला वाटत होतं, घरातलं सगळं मला सोपं जातंय, म्हणजे मी बरा होतोय."

"मग? होताय की."

"मी थोडासाच. बाकी तू ताणली जात होतीस."

"इश्श, मी काय पट्टा आहे?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरून आले त्यांचे. काकांनी डाव्या हातानं खुर्ची पुढे ओढली. काकू बसल्या. काका एकेक बटण स्वतः लावू लागले. दुसरंच बटण चुकलं, तरी काकू उठल्या नाहीत.

मित्रांनो, एखादं अवघड काम अचानक सोपं वाटू लागलं, तर खुशाल आनंद करा. पण आधी घरात एक चक्कर मारून या. तुमच्यासाठी कुणीतरी सैल झालेलं असेल. त्याला जरा बसू द्या.