अण्णा कशानं गेले

"वडील कशानं गेले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मारलं त्यांना," सुरेखा म्हणाली. "माझ्या चुलत्यानं."

मुकुंदवाडीच्या सरकारी दवाखान्यात ती आली होती चक्कर येते म्हणून. डॉक्टर साळवेंनी बीपी बघितलं आणि घरातल्या माणसांची चौकशी सुरू केली. हे उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवला.

"म्हणजे? घाव घातला?"

"नाही. फुलंब्रीला आमची सामाईक विहीर. पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं भांडण लागलं, अण्णा तिथंच पडले. अंगावर ओरखडा नव्हता. पण माय म्हणते, छातीत बुक्की घातली असणार."

"वय काय होतं त्यांचं?"

"चाळिशीच होती."

"आणि आजोबा?"

"ते पोळ्याच्या दिवशी गेले. बैल धुता धुता." सुरेखा थबकली. "तेही तरणेच होते."

ही दोन मरणं तिनं आजवर कधी शेजारी ठेवून बघितली नव्हती. डॉक्टरांनी तिला पाठमोरं उभं केलं. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर गाठ होती. चपलेचा पट्टा तिथं नेहमी घासायचा.

"ही गाठ वडिलांनाही होती?"

होती. लहानपणी ती त्या गाठीला खोबरेल चोळायची.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कोलेस्टेरॉल फार वाढलंय, आणि हे तेलातुपानं झालेलं नाही, जन्मतः रक्तातून आलंय. काही घरांत ते बापाकडून लेकराकडं येतं, हृदयाच्या नळ्या भर तारुण्यात बुजवत राहतं आणि माणूस उभ्या उभ्या पडतो. वेळेत कळलं तर रोजच्या गोळीनं ताब्यात राहतं.

"तुमच्या मुलीचं रक्त तपासू. चुलत्यांचं आणि त्यांच्या मुलाचंही तपासायला हवं."

"आमचं बोलणं नाही, मॅडम. अण्णा गेले तेव्हापासून."

"मला त्यांच्यापर्यंत जायला दुसरा रस्ता नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बघा तुम्ही."

घरी लक्ष्मीबाईनं, तिच्या मायनं, सगळं ऐकलं आणि निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट बाजूला सारलं. "त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाय. माझं कुंकू पुसलं त्यानं. आता रोगाचं नाव सांगून त्याला सोडवती व्हय?"

पण सुरेखाच्या डोळ्यांपुढून सत्यम हलेना. चुलत्याचा हा एकुलता पोरगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धाप लागेस्तोवर पळतो, असं नात्यातल्या एका लग्नात कानावर आलं होतं. त्या पळण्याची तिला आता धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी मायला न सांगता तिनं फुलंब्रीची गाडी धरली.

दारात साळूबाई काकू होती. "कोन गं?"

"सुरेखा. अण्णांची."

ओट्यावर बसलेल्या चुलत्यानं, बद्रीनाथानं, मान वर केली. "वाटणीचं असंल तर वकिलाकडं जा."

"वाटणीचं नाय, काका. जिवाचं हाय."

ती बोलत गेली. बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्या पापण्यांकडं गेलं. कडेला पिवळसर चट्टे होते; घरात कुणाला असे आहेत का, हे डॉक्टरांनी विचारलं होतं. बद्रीनाथ मात्र लालबुंद होत चालला होता.

"अठरा वर्सं मला खुनी म्हनलात! ठाण्यात बसवलं. सोयऱ्यांनी पंगतीतून उठवलं मला. आन् आज म्हनती, रक्तात रोग हाय? पोराची भरती तोंडावर आली, सोयरीक जुळायली, तवा बोभाटा करायला आलीस? चल, निघ!"

तो तिरमिरीत उठला. उठला आणि छाती धरून मटकन खाली बसला.

"काका!"

"पित्त हाय. हात लावू नको."

"रोज पित्त व्हय?" साळूबाई एकदम फुटली. "बांधापर्यंत चालवना झालंय तुम्हाला. मधीच टेकता. शपथ घालून माझं तोंड शिवून ठेवलंय."

आवाज ऐकून सत्यम आतून धावत आला. सुरेखा त्याला म्हणाली, "सत्यम, पाठमोरा हो रं जरा. टाचा दाव."

पोरगं गोंधळलं, पण वळलं. दोन्ही टाचांवर गाठी होत्या. बद्रीनाथ बघत राहिला. कपाळावरचा घाम पुसायचंही त्याला सुचेना.

"अण्णाला व्हत्या अशा," तो पुटपुटला.

"गाडी काढ," सुरेखा सत्यमला म्हणाली. बद्रीनाथ नको नको म्हणत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी, ईसीजी, काढली. पट्टी बघून तिथला डॉक्टर घाईनं बोलायला लागला. ॲम्ब्युलन्स बोलवा, शहरात न्यावं लागेल. जिभेखाली गोळी ठेवत त्यानं विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास होता? कुणी अचानक गेलं?"

बद्रीनाथानं सुरेखाकडं बघितलं. ती खाटेची लोखंडी कड धरून उभी होती. तो नाही म्हणेल, असं तिला वाटलं.

"बाप," तो म्हणाला. "आन् थोरला भाऊ." डॉक्टर फोनकडं वळला, तरी तो बोलतच राहिला. "मोटर चालू करायला वाकला. घामानं न्हाला व्हता. म्हनला, बद्री, छातीवर कुनी बसल्यावानी वाटायलं. मी म्हनलं, पाळी मोडायची म्हून सोंग करतोस. पाठ फिरवली मी. हात नाय लावला, सुरेखा. धरायलाबी नाय लावला."

स्ट्रेचर आलं तेव्हा सुरेखानं त्याचा निसटलेला पाय चादरीखाली सारला आणि ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी त्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट घातला. बद्रीनाथ वाचला. सत्यमचा रिपोर्ट सुरेखासारखाच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आणि हृदयाच्या तपासण्या होईस्तोवर पळणं बंद. त्या वर्षीची भरती हुकली. तो सुरेखाशी धड बोलेना. पण गोळी घेतो, असं साळूबाई फोनवर सांगायची. सुरेखाच्या मुलीचं, तनुजाचं, रक्त चांगलं निघालं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून सुरेखा पदरात तोंड घालून रडली.

मायला तिनं विहिरीवरची सगळी हकिगत सांगितली, एक शब्दही न गाळता. लक्ष्मीबाईनं भिंतीकडं तोंड केलं. "म्हंजे पानी तरी पाजायचं व्हतं त्यानं," एवढंच म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस तिनं लेकीशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

बद्रीनाथ तपासणीसाठी पुन्हा शहरात येणार असल्याचं कळलं, त्या सकाळी सुरेखा चप्पल घालत होती. मागून माय नेसलेलं लुगडं सावरत आली.

"म्याबी येते."

"माय, तिथं भांडशील."

"बोलनारच नाय. नुसती बघीन त्याला." लक्ष्मीबाई दाराला कडी घालायला लागली. "मग काय ते माझं मी ठरवीन."